बोल्डरला परवडणारं घर: भिंती बघण्याआधी जमीन बघा

तुमचा प्रश्न आधी इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडते. यजमान अमेरिकेत बोल्डरला कोलोरॅडो विद्यापीठात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक) आहेत, पगार वर्षाला 62 हजार डॉलर, व्हिसा एच-1बी, म्हणजे नोकरीवरचा. तुम्ही एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावर, त्यामुळे तुम्हाला सध्या कामाची परवानगी नाही. मुलगी 4 वर्षांची. दोन बेडरूमच्या अपार्टमेंटचं भाडं महिना 2,350 डॉलर. पोटाला चिमटा काढून 20 हजार डॉलर साठवलेत, आणि जवळच्याच एका पार्कात, म्हणजे अशा घरांच्या वसाहतीत, 90 हजारांना मोबाइल होम (कारखान्यात बनवून आणून ठेवलेलं घर) विकायला निघालंय. घर एवढ्या स्वस्तात आपल्या नावावर होत असेल तर भाड्यात पैसे का घालवायचे, असं तुम्ही विचारलंय.

मी या काउंटीत (जिल्ह्यात) बरीच वर्षं घरांविषयी सल्ला देण्याचं काम करते, आणि त्याआधी काही वर्षं स्वतः अशाच घरात राहिले आहे. माझं उत्तर असं, की ते घर आत्ता घेऊ नका. घर वाईट असेल म्हणून मी हे सांगत नाही. ते ज्या जमिनीवर उभं आहे तिच्याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही, म्हणून सांगते. त्याबद्दल पुढे सविस्तर बोलू. पण आधी दुसऱ्या वाटा बघू, कारण त्यातली एक तुम्हाला आजच लागू पडते आणि तिचं नावही तुमच्यापर्यंत पोचलेलं दिसत नाही.

घरभाडं हे कर कापण्याआधीच्या पगाराच्या 30 टक्क्यांच्या आत असावं, असा इथला सर्वसाधारण हिशेब. तुमचे महिन्याला 5,167 डॉलर होतात, म्हणजे भाडं 1,550 च्या आसपास हवं. तुम्ही 2,350 भरताय, म्हणजे 45 टक्के. तुमच्या हातून उधळपट्टी होतेय असं मनात आणू नका. माझ्याकडे येणाऱ्या पोस्टडॉक, बसचालक, बालवाडीच्या शिक्षिका, सगळ्यांची हीच गत आहे.

गाव असं का झालं हे कळलं तर कुठे शोधायचं तेही कळतं. बोल्डरची वस्ती सुमारे 1 लाख 8 हजार, आणि त्यात विद्यापीठाचे 35 हजारांहून अधिक विद्यार्थी. 1959 मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून ठरवलं, की डोंगरावर ठराविक उंचीच्या वर नगरपालिकेचं पाणी द्यायचं नाही. 1967 मध्ये त्यांनी स्वतःवर विक्रीकर बसवून घेतला आणि त्या पैशातून गावाभोवतीची मोकळी जमीन विकत घ्यायला सुरुवात केली. 1971 मध्ये इमारतींच्या उंचीवर 55 फुटांची मर्यादा घातली. 1976 मध्ये दरवर्षी किती नवी घरं होऊ द्यायची यावरही मर्यादा आली. या निर्णयांमुळे फ्लॅटआयर्न्स डोंगराचे कडे आजही मोकळे दिसतात, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण आडवं पसरायचं नाही, उंच जायचं नाही आणि नोकऱ्या मात्र वाढत राहणार, याचा बोजा उशिरा आलेल्यांच्या भाड्यावर पडला. तो बोजा थोडा तरी वाटून घ्यावा म्हणून शहरानं 2000 मध्ये नियम केला, की नव्या गृहप्रकल्पातला काही हिस्सा कायम परवडणाऱ्या दरात ठेवायचा किंवा त्याबदली शहराला पैसे द्यायचे. आधी हा हिस्सा 20 टक्के होता, आता 25 टक्के आहे.

तुमची पहिली वाट इथूनच निघते. गावात उत्पन्नाच्या अटीवर भाड्यानं मिळणारी बरीच घरं आहेत. ती जाहिरातींच्या संकेतस्थळांवर ठळक दिसत नाहीत, रांगेतून मिळतात. बोल्डर हाउसिंग पार्टनर्स ही शहराची गृहनिर्माण संस्था सर्वांत मोठी. तिच्याशिवाय काही ना-नफा संस्था आहेत, आणि खासगी बिल्डरांनी करसवलतीच्या बदल्यात बांधलेल्या इमारतीही आहेत. पात्रता ठरते ती त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबं ज्याच्या वर आणि निम्मी खाली, अशा आकड्याच्या) टक्केवारीवर. बोल्डर काउंटीचं मध्यम उत्पन्न एवढं मोठं आहे, की तीन माणसांच्या कुटुंबाला तुमचा 62 हजारांचा पगार 60 टक्क्यांच्या मर्यादेत बसतो. “आम्ही काही गरीब नाही, हे आमच्यासाठी नसेल” असं म्हणून आपली माणसं अर्जच करत नाहीत. पीएचडी झालेल्या माणसाला अशा रांगेत उभं राहायला संकोच वाटतो, हे मी वर्षानुवर्षं पाहतेय. संकोच करू नका. हे नियम लिहिले गेले तेव्हा तुमच्याच पगाराची माणसं डोळ्यांसमोर होती.

यात दोन अडसर आहेत, ते नीट समजून घ्या. पहिला व्हिसाचा. सेक्शन 8 नावाचं सरकारी भाडे-व्हाउचर एच-1बी किंवा विद्यार्थी-संशोधकांच्या एफ-1, जे-1 व्हिसावाल्यांना मिळत नाही, त्यामागे वेळ घालवू नका. करसवलतीवर बांधलेल्या इमारतींचा नियम वेगळा असतो, तिथे मुख्य चाळणी उत्पन्नाची. तेव्हा प्रत्येक इमारतीच्या कार्यालयात व्हिसाचा प्रकार सांगून स्पष्ट विचारा. दुसरा अडसर विद्यार्थ्यांचा. त्या इमारतींत घरातले सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर सहसा घर मिळत नाही. तुमचे यजमान नोकरदार आहेत, त्यामुळे तुम्हाला ही अडचण नाही. पण हे वाचणाऱ्या मुलामुलींपैकी दोघं-तिघं एमएसचे विद्यार्थी मिळून अशा घरासाठी अर्ज करणार असतील तर हा नियम आधी बघावा. एकत्र कर विवरण भरणारं विवाहित जोडपं आणि मुलाला एकट्यानं वाढवणारी आई किंवा बाप, अशांना त्यात सूट आहे.

एकाच यादीत नाव घालून थांबू नका. पाच-सहा ठिकाणी अर्ज करा. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, मागच्या दोन वर्षांचं कर विवरण, पासपोर्ट, आय-797 (व्हिसामंजुरीचा कागद), बँकेची विवरणपत्रं आणि मुलीचा जन्मदाखला एका फाइलमध्ये तयार ठेवा. नंबर लागल्याचा ईमेल आला की कागद द्यायला फार थोडे दिवस मिळतात. तो स्पॅममध्ये गेला आणि दीड वर्षाची वाट फुकट गेली, असं एका कुटुंबाच्या बाबतीत माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. फोन नंबर किंवा पत्ता बदलला तर प्रत्येक यादीत तो स्वतः बदलून घ्या.

दुसरी वाट गाव सोडून बाहेर पडायची. लुईव्हिल, लाफायेट, ईरी पूर्वेला, लाँगमाँट ईशान्येला साधारण 15 मैलांवर. पाच मैल दूर गेलं की भाडं उतरतं, असं पूर्वी छातीठोक सांगता यायचं. 30 डिसेंबर 2021 च्या मार्शल आगीत लुईव्हिल, सुपीरियर आणि आसपासची मिळून हजाराहून अधिक घरं एका दिवसात जळाली, ती सगळी कुटुंबं भाड्याच्या घरांसाठी बाहेर पडली, तेव्हापासून हे गणित बिघडलं. तरीही लाँगमाँट आणि लाफायेटचा पूर्व भाग मी आजही सुचवते. मात्र बसमार्ग धरूनच घर बघा. लाँगमाँटहून बोल्ट, लाफायेटहून जंप आणि डॅश या बस बोल्डरला येतात. विद्यापीठाच्या कर्मचाऱ्याकडे बसचा पास असतो. दुसरी गाडी घ्यावी लागली नाही तर विमा, पेट्रोल, पार्किंग धरून जी बचत होते ती भाड्यातल्या फरकाइतकी भरते. स्वस्त घर मिळालं आणि त्यासाठी गाडी घ्यावी लागली, तर ते घर स्वस्त पडत नाही.

वेळेचंही भान ठेवा. कॅम्पसलगतच्या घरांची लीज (भाडेकरार) ऑगस्ट ते जुलै चालतात आणि पुढच्या वर्षाचं बुकिंग आदल्या हिवाळ्याआधीच सुरू होतं. त्या धावपळीत कुटुंबानं पडू नये, तिथे चार विद्यार्थी मिळून जे भाडं देतात ते एका पगाराला झेपत नाही. नात्यात नसलेली किती माणसं एका घरात राहू शकतात यावर बोल्डरमध्ये पूर्वी कडक मर्यादा होती. शहरानं ती 2023 मध्ये पाचवर नेली आणि 1 जुलै 2024 पासून राज्याच्या कायद्यानं अशा मर्यादाच काढून टाकल्या. एकट्या विद्यार्थ्यांसाठी ही फार मोलाची गोष्ट झाली, पाच बेडरूमचं घर आता पाच-सहा जण उघडपणे वाटून घेऊ शकतात. कुटुंबासाठी चांगला काळ डिसेंबर-जानेवारीचा. सत्र संपल्यावर सोडून जाणाऱ्यांची सबलेट (भाडेकरूनं उरलेल्या मुदतीसाठी पुढे भाड्यानं दिलेली घरं) निघतात, मालकही घासाघीस ऐकून घेतो.

भाड्याच्या घरासंबंधी एवढं पाठ करून ठेवा: कोलोरॅडोमध्ये डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि तुमचं उत्पन्न भाड्याच्या दुपटीपेक्षा जास्त असलंच पाहिजे अशी अट मालक घालू शकत नाही. घर सोडल्यावर डिपॉझिट एका महिन्यात परत यायला हवं, लीजमध्ये लिहिलं असेल तर फार तर 60 दिवसांत. बोल्डर शहरात भाड्यानं दिलेल्या प्रत्येक घराला परवाना लागतो आणि तो आहे की नाही ते शहराच्या संकेतस्थळावर दिसतं. भारतातून येणाऱ्या मुलांना घर न दाखवता पैसे पाठवायला सांगणाऱ्या जाहिराती दरवर्षी फसवतात. परवाना तपासायला पाच मिनिटं लागतात, तेवढी काढा.

आता तुमच्या मोबाइल होमकडे येते.

“मोबाइल” हा शब्द जुना आणि फसवा आहे. 15 जून 1976 पासून अमेरिकेत अशी घरं केंद्र सरकारच्या एका बांधकाम संहितेनुसार कारखान्यात तयार होतात, आणि त्या तारखेनंतरच्या घराला मॅन्युफॅक्चर्ड होम म्हणतात. घर पोलादी सांगाड्यावर बांधून ट्रकनं आणतात, पार्कमधल्या जागेवर टेकवतात, पाणी, गॅस आणि वीज जोडतात. एकाच तुकड्यात येणारं ते सिंगल-वाइड, दोन तुकडे जोडून होणारं ते डबल-वाइड. एकदा टेकलं की ते सहसा हलत नाही. हलवायला हजारो डॉलर लागतात, जुनं घर रस्त्यातच खिळखिळं होतं, आणि दुसरा पार्क जुनं घर घ्यायला तयार नसतो.

आपल्याकडे कुणी घर घेतो म्हटलं की घरातली वडीलधारी माणसं पहिला प्रश्न विचारतात, सातबारा कुणाच्या नावावर? अमेरिकेत आलं की हाच प्रश्न विचारायला आपण विसरतो. तुम्ही 90 हजारांत घेताय तो सांगाडा आणि भिंती. त्याखालची जमीन पार्कच्या मालकाची. त्या जागेचं दरमहा भाडं, ज्याला इथे लॉट रेंट म्हणतात, तुम्ही तिथे आहात तोवर भरायचं. म्हणजे तुम्ही घरमालकही आहात आणि भाडेकरूही. भाडेकरू म्हणून तुमची बाजू मात्र साध्या भाडेकरूपेक्षा दुबळी, कारण भाडं वाढलं तर तो बॅगा भरून जाऊ शकतो, तुम्ही घर उचलून नेऊ शकत नाही.

तुमच्याच आकड्यांवर मांडून बघू. 90 हजारांपैकी 20 हजार तुमचे, 70 हजार कर्ज. जमीन सोबत नसल्यामुळे हे कर्ज नेहमीच्या गृहकर्जासारखं मिळत नाही. ते वस्तूवरचं कर्ज असतं, व्याज जास्त, मुदत कमी. समजा 10 टक्के आणि 15 वर्षं, हप्ता 752 डॉलर. लॉट रेंट समजा 950. विमा आणि कर मिळून 120. एकूण 1,822. आजच्या भाड्यापेक्षा सव्वापाचशे डॉलर कमी, आणि इथवर मलाही मोह होतो. आता लॉट रेंट दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढलं असं धरा. पाच वर्षांनी ते 1,271 होतं, बचत दोनशेवर येते.

खरा फटका तर पुढेच आहे, आणि तो विकणारा तुम्हाला सांगणार नाही. घर विकायला काढाल तेव्हा घेणारा आपली महिन्याची ऐपत बघतो. हप्ता आणि लॉट रेंट या दोन्ही गोष्टी त्या एकाच ऐपतीतून जाणार. लॉट रेंट 100 डॉलरनं वाढलं की त्याच्याकडे हप्त्यासाठी 100 डॉलर कमी उरतात, आणि 10 टक्के, 15 वर्षांच्या हिशेबानं तेवढ्या हप्त्यात सुमारे 9,300 डॉलरचं कर्ज बसतं. म्हणजे शंभराच्या प्रत्येक भाडेवाढीला तुमच्या घराची किंमत नऊ हजारांनी खाली ओढली जाते. पाच वर्षांत 321 डॉलर वाढले, तर सुमारे 30 हजार गेले. तुमचे साठवलेले 20 हजार त्यातच संपले. घरांची तूट असल्यामुळे प्रत्यक्षात किंमत एवढी पडत नाही, काही पार्कांत तर वाढतेही. पण ओढ कोणत्या दिशेला आहे ते ओळखून उतरा.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. 2008 मध्ये आम्ही लाँगमाँटजवळ एक सिंगल-वाइड घेतलं. लॉट रेंट 430 होतं, म्हातारा मालक स्वतः बर्फ काढायला यायचा. दोन वर्षांनी त्यानं पार्क एका कंपनीला विकला. आम्हाला कळलं ते नव्या कंपनीचं पत्र दाराला चिकटवलेलं सापडलं तेव्हा. पुढच्या तीन वर्षांत भाडं 600 च्या वर गेलं, पाण्याचं बिल वेगळं सुरू झालं, अंगणातल्या तुळशीच्या कुंड्यांपासून पायऱ्यांच्या रंगापर्यंत नवे नियम आले. शेजारी एक मेक्सिकन आजी राहायच्या, त्यांनी 22 वर्षं त्या घराची निगा राखली होती. त्यांना ते शेवटी पार्कलाच पडेल किमतीत द्यावं लागलं. त्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी ठरवलं, की हे काम शिकायचं.

तेव्हा आणि आता यांत फरक पडलाय, हेही सांगायला हवं. कोलोरॅडोचा मोबाइल होम पार्क कायदा 1985 चा, पण तक्रार ऐकायला कुणी नव्हतं. 2019 मध्ये राज्यानं त्यासाठी यंत्रणा उभी केली. प्रत्येक पार्कला नोंदणी करावी लागते आणि वकील न करता तिथे तक्रार नोंदवता येते. लॉट रेंट 12 महिन्यांतून एकदाच वाढवता येतं, तेही 60 दिवसांची लेखी नोटीस देऊन. पार्क विकायला काढला तर रहिवाशांना कळवावं लागतं आणि त्यांनी एकत्र येऊन खरेदीचा प्रस्ताव द्यायला 2022 पासून 120 दिवस मिळतात. जमिनीचा वापर बदलून पार्क बंद करायचा असेल तर 12 महिन्यांची नोटीस आणि भरपाई. 2023 च्या कायद्यानं पार्कमधलं पाणी तपासण्याची सोय झाली. पण भाडं किती वाढवायचं याला आजही मर्यादा नाही. 2022 च्या विधेयकात ती होती, शेवटी काढली गेली. ती लढाई हरल्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण उरलेल्या सगळ्या हक्कांचा जीव त्या एका कलमात होता.

म्हणून जमिनीची चौकशी अशी करा. काउंटीच्या असेसर (मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या) कार्यालयाच्या संकेतस्थळावर जमीन कुणाच्या नावावर आहे आणि ती शेवटची कधी विकली गेली ते बघा. नुकतीच विकली असेल तर भाडेवाढ येतेय असंच समजा. विकणाऱ्याकडून मागच्या पाच वर्षांच्या लॉट रेंटच्या पावत्या मागा. तो देत नसेल तर संध्याकाळी पार्कात फेरी मारा, तीन दारं ठोठवा, लोक आनंदानं सांगतात. लीज आणि पार्कचे नियम खरेदीआधी हातात घ्या. पाणी, सांडपाणी, कचरा यांचं बिल कोण देतं, घर भाड्यानं देता येतं का, घेणाऱ्याला पार्कची मंजुरी लागते का, हे त्यात असतं. पुराचा नकाशाही बघायला विसरू नका. सप्टेंबर 2013 च्या पुरात लायन्स गावातले दोन मोबाइल होम पार्क वाहून गेले आणि पुन्हा उभे राहिले नाहीत. गावातली बाकीची बरीच घरं दुरुस्त झाली, पण पार्कची जमीन रहिवाशांची नव्हतीच, मग परत येणार कुठे?

घराची तपासणी त्यानंतर. बाहेरच्या भिंतीवर, मागच्या टोकाला, लाल रंगाची लहानशी धातूची पट्टी असते, तिच्यावर तीन अक्षरं आणि सहा आकडे. आत स्वयंपाकघरातल्या कपाटात किंवा विजेच्या पॅनेलजवळ माहितीपत्र चिकटवलेलं असतं. दोन्ही नसतील तर कर्ज आणि विमा दोन्ही अडतात. 1976 आधीचं घर मी कुणालाच सुचवत नाही. 1978 ते 1995 च्या घरांत पॉलिब्यूटिलीनचे राखाडी पाइप असू शकतात, ते सांध्यांपाशी फुटतात. खाली वाकून सांगाड्याखालचं आच्छादन फाटलंय का, पाइपांवर गरम ठेवणारी वीजपट्टी चालू आहे का, हे प्रत्यक्ष बघा, कारण इथे थंडी उणे 20 सेल्सिअसच्याही खाली जाते आणि गोठलेला पाइप रात्री दोन वाजता फुटतो. दारं घासत असतील तर घर एका बाजूला बसलंय. इथले वारे जोराचे आहेत, मार्शल आगीच्या दिवशी ते ताशी 100 मैलांच्या वर गेले होते, तेव्हा जमिनीला बांधणारे पट्टे आहेत का तेही विचारा. तपासनीस असा निवडा ज्यानं या प्रकारची घरं तपासली आहेत.

कागद सोपे आहेत, पण चुकवू नका. कोलोरॅडोमध्ये या घराला गाडीसारखं टायटल (मालकीचं प्रमाणपत्र) असतं. त्यावरचा अनुक्रमांक माहितीपत्रावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे, जुनं कर्ज फिटल्याची नोंद पाहिजे, आणि काउंटीच्या खजिनदाराकडून कर भरल्याचा दाखला पाहिजे. नुसत्या साध्या पावतीवर पैसे देऊन वर्षभरानं टायटलसाठी फिरणारी कुटुंबं माझ्याकडे येतात.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, व्हिसाची. केंद्र सरकारच्या हमीचं एफएचए कर्ज मे 2025 पासून ग्रीन कार्ड नसलेल्यांना बंद झालं. त्यामुळे कर्ज देणारे थोडेच उरतात आणि व्याज जास्त लावतात. त्याहून मोठी काळजी अशी, की एच-1बीवर नोकरी गेली तर 60 दिवसांत नवी नोकरी किंवा निघण्याची तयारी. पोस्टडॉकचं अनुदान संपणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. 60 दिवसांत घर विकणं, त्यात घेणाऱ्याला पार्कची मंजुरी मिळणं कठीण. आणि बहुतेक पार्कांत ते भाड्यानं देता येत नाही. रिकाम्या घराचं लॉट रेंट तुम्ही पुण्यात बसून भरत राहाल. भाड्याच्या घरातून निघायला फार तर एक-दोन महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिट जातं.

मग ही घरं घेऊच नयेत का? माझं मत तसं अजिबात नाही. जमिनीचा प्रश्न सुटलेला असेल तर या भागात मध्यम पगाराच्या कुटुंबाला याहून चांगलं घर नाही. बागेला चार फूट जागा, वरच्या मजल्यावर पावलं नाहीत, शेजारी ओळखीचे. बोल्डरमध्ये मेपलटन नावाचा पार्क आहे, तिथल्या बहुतांश जागा उत्पन्नाच्या अटीवर कायम परवडणाऱ्या ठेवल्या आहेत. शहराच्या दक्षिणेला सान सूसी इथल्या रहिवाशांनी 2021 मध्ये सहकारी संस्था करून पार्कच विकत घेतला. सहकारी संस्थेत प्रत्येक घराचं एक मत, लॉट रेंट सभेत ठरतं, जमा पैसा कर्ज आणि दुरुस्तीला जातो. साखर कारखान्यांच्या आणि सहकारी गृहसंस्थांच्या मुलखातून आलेल्या आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही, सभेतली भांडणं धरून. भाडं तिथेही वाढतं, पाण्याची जुनी लाइन बदलायची म्हटली की खर्च सभासदांवरच येतो, पण तो का वाढला हे वहीत दिसतं. अमेरिकेत ही पद्धत 1984 मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये सुरू झाली आणि आता बऱ्याच राज्यांत आहे. तिसरं उदाहरण पाँडेरोसाचं. उत्तर बोल्डरमधला हा पार्क शहरानंच 2017 मध्ये विकत घेतला, पाणी-सांडपाण्याच्या लाइनी नव्या केल्या, आणि रहिवाशांना न हलवता जुन्या घरांच्या जागी हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या स्वयंसेवी संस्थेच्या मदतीनं टप्प्याटप्प्यानं पक्की घरं उभी राहतायत.

अशा ठिकाणी घर निघालं तर मला जरूर कळवा, माझं उत्तर वेगळं असेल. ग्रीन कार्डचा अर्ज पुढे सरकला आणि इथे पाच-सात वर्षं राहणार हे नक्की झालं, तर तेव्हा या पार्कांकडे पहिल्यांदा वळा. त्याच सुमारास शहराच्या परवडणाऱ्या मालकीच्या घरांची योजनाही बघता येईल. त्यात किंमत कमी असते, बदल्यात विकताना ठराविक मर्यादेपेक्षा जास्त भाव घेता येत नाही. पुढच्या कुटुंबालाही ते परवडावं म्हणून ही अट आहे, आणि मला ती योग्य वाटते.

या आठवड्यात तुम्ही असं करा. त्या 20 हजारांना हात लावू नका, ती तुमची 60 दिवसांची तजवीज आहे. कागदांची फाइल तयार करून बोल्डर हाउसिंग पार्टनर्सपासून सुरुवात करा, पाच याद्यांत नाव घाला, लाँगमाँट आणि लाफायेटमधल्या याद्याही त्यात धरा. आताच्या लीजची शेवटची तारीख आणि नोटीस किती दिवस आधी द्यायची ते आज रात्रीच काढून बघा. बऱ्याच लीजमध्ये 60 दिवस असतात, आणि ती तारीख हुकली की लीज आपोआप पुढे सरकतं. ते घर तरीही मनातून जात नसेल, तर विकणाऱ्याला फक्त दोन गोष्टी मागा, पाच वर्षांच्या लॉट रेंटच्या पावत्या आणि पार्कचं लीज. मिळाल्या तर मला दाखवा, भाडेवाढीचं आणि नियम बदलण्याचं कलम आपण एकत्र वाचू.